दारची सदाफुली

मी एक जुनी सदाफुली आहे. इस्लामपूरजवळच्या एका मळ्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर मी वाढले. मला कोणी मुद्दाम लावले नाही. मी कडू असल्याने गुरे मला तोंड लावत नाहीत. तरी बारा महिने फुलते, म्हणून मळ्यातल्या घरच्या लीलाबाई देवाला माझी फुले नेत. उरलेली त्यांची लेक हौसा केसांत माळी.

मित्रांनो, यंदा, म्हणजे पंच्याहत्तर साली, हौसाला रक्ताचा कर्करोग झाला. सांगलीच्या डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. ताप उतरला आणि पोर पुन्हा अंगणात खेळू लागली. तिथल्या नर्सबाई सहज बोलून गेल्या, की हे औषध सदाफुलीपासून काढतात. त्या दिवशी घराने मला हळदकुंकू वाहिले. मला मात्र भीती वाटली, कारण हौसाचे चुलते नाथाजी माझ्या पानांकडे टक लावून पाहत होते.

"वैनी, औषध दारात हाय आन् तुमी येष्टीचे धक्के खाताय व्हय?"

"आवं भावजी, डॉक्टर सुई देत्यात. पाला न्हवं."

"उसापास्नंच साखर हुती न्हवं? मग रस प्याला काय आन् साखर खाल्ली काय!"

लीलाबाईंना हसू आले. सुयांनी लेकीचे केस गळत होते, ते त्यांना बघवत नव्हते. भावजींचे बोलणे पटले आणि हौसाचा दवाखाना बंद झाला.

माझ्या पानांत अल्कलॉइड नावाची पुष्कळ कडू, विषारी द्रव्ये असतात. त्यांतले एखादेच कर्करोगाच्या पेशींना रोखते, आणि ते गाडाभर पाल्यातून चिमूटभरही निघत नाही. शिवाय ते शुद्ध करून, मापून द्यावे लागते. इथे सगळीच विषे एका पातेल्यात उकळू लागली.

"आय, लय कडू हाय गं."

"कडू हाय म्हंजी गुण येनार," नाथाजी म्हणाले.

हौसाला उलट्या झाल्या. रोग बाहेर पडतोय म्हणून त्यांनी पाला वाढवला. मग तिला चक्कर येऊ लागली, ताप परतला, हिरड्यांतून रक्त आले. माझ्या फांद्या ओक्याबोक्या झाल्या. अखेर शुद्ध हरपलेल्या लेकीला मांडीवर घेऊन लीलाबाई सांगलीला गेल्या. अजून कोणी परतलेले नाही.

मला नवी पालवी फुटली आहे. आज शेजारच्या शालूबाई टोपली घेऊन आल्या आहेत. त्यांच्या आईच्या छातीत गाठ आहे.

"हौसाला ह्येनंच उतार पडला हुता म्हनं," त्या पुटपुटतात.

मित्रांनो, माझी फुले खुशाल न्या, पण माझ्या भरवशावर दवाखाना सोडू नका. शालूबाईंनी पहिली फांदी वाकवली आहे. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येते.