भिकनभाऊचं नाव

गोपालने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि काचेवर टकटक केली. सहाव्यांदा. आत माईकपुढे उभ्या असलेल्या शोभाबाईंनी ओवी अर्ध्यावर तोडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“मावशी, परत फुटलं.”

“काय फुटनं? मन्हा गळा?”

“गळा झकास आहे हो. ‘भ’ म्हणताना तोंडातली हवा माईकवर आपटते. ऐका.”

त्याने टेप मागे नेऊन वाजवली. “भिकनभाऊ मन्हा उना वं, माले लेवाले उना...” नाव आलं की स्पीकरमधून धप्प, धप्प असे दोन आवाज, गादीवर काठी हाणावी तसे. गोपालने बेस कमी केला. काठी गेली, पण शोभाबाईंचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला.

“हाई मी नही,” त्या म्हणाल्या.

श्रावणात कानबाई देवीची गाणी खानदेशात गावोगाव वाजतात. त्यासाठी छगनभाई शेठने ही कॅसेट काढायला घेतली होती. उधन्यातला हा स्टुडिओ त्याचाच. तो कोपऱ्यात खुर्ची टाकून पान चघळत बसला होता. त्याने घड्याळात पाहिलं.

“बेन, नाम ही बदल दो ने. राजूदादा बोलो. किसको मालूम पडेगा?”

शोभाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ओवीत बाई माहेरी न्यायला आलेल्या आपल्या भावाचं नाव घेते. सख्ख्या, एका आईच्या पोटच्या भावाचं. आणि हा माणूस पान चघळत भाऊ बदलायला सांगत होता, साडीचा रंग बदलावा तसा!

“शेठ, राखी तुम अपनी बहन से बंधाते, कि जो दिखी उससे?”

छगनभाईचं तोंड लाल झालं, ते पानाने नव्हे.

“तो रहने दो. गोपाल, कल वो उषाबाई को बुला ले. गाना वही, बाई दूसरी.”

गाणी शोभाबाईंची, चाल त्यांच्या आईची, आणि आवाज उषाबाईचा! त्यांनी पिशवी उचलली, पण पाय निघेना. भांडून जायचं की राहून भांडायचं, हेच त्यांना कळेना.

गोपाल जमिनीवरच्या खडूच्या रेघेकडे पाहत होता. ‘या रेघेच्या पुढे यायचं नाही,’ असं त्याने मावशींना सकाळीच बजावलं होतं. बाकी सगळी गाणी त्या रेघेमागे उभ्या राहून म्हणाल्या. फक्त या नावाशी आल्या की दोन पावलं पुढे सरकत आणि ओठ थेट माईकला लावत. लिंबायतच्या लूमवर, कापडाच्या यंत्रमागांवर, बारा वर्षं सुताच्या बॉबिन भरलेली बाई ती. तिथे मशिनं चालू असताना साधं बोलणं हातवाऱ्यांनी होतं. महत्त्वाचं असेल ते मात्र दुसऱ्याच्या कानाला तोंड लावूनच सांगावं लागतं. गोपालची आईही तशीच. घरात चिडीचूप असलं तरी ती कानाशी येऊन बोलायची.

त्याने टेप सुरू केली आणि आत आला. माईक वीतभर बाजूला सरकवला, आणि जिथे माईक होता तिथे स्वतः उभा राहिला, कान पुढे करून. आता तो कामावरची मराठी विसरला.

“मावशी, माईकले नको सांगू. मन्हा कानमा सांग.”

शोभाबाईंनी एकदा शेठकडे रागाने पाहिलं, मग डोळे मिटले आणि ओवी धरली. नाव आलं, तशा त्या पुढे सरकल्या. हवा माईकच्या बाजूने निघून गोपालच्या गालावर आदळली. आवाज तेवढा माईकमध्ये गेला, सगळाच्या सगळा.

टेप वाजवली. एकही ठोका नव्हता. छगनभाईने दोनदा ऐकलं आणि मान हलवली.

“चालशे,” तो म्हणाला. माफी वगैरे त्याच्या गावीही नव्हती.

जिन्यात शोभाबाईंचे यजमान हिलाल डबा मांडीवर घेऊन बसले होते. दार उघडं राहिल्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“भिकननं नाव लिधं तू?”

“लिधं.”

“जमीनना हिस्सावर तुन्ही सही लिधी त्यानी, आनी दार लाई लिधं. चार वरीस व्हयनात. पोऱ्याना लगीननी पत्रिका बी धाडी नही. आनी तू म्हणस, माले लेवाले उना?”

“म्हणस.” शोभाबाईंचा आवाज आता कुठे चढला. “कानबाईना दिन माहेरना चौकमा भोंगावर हाईच कॅसेट वाजी. सारा गाव ऐकी. भिकनभाऊ लेवाले उना! त्याले बी ऐकू दे. मंग दखाडू दे गावले तोंड.”

डब्याची कडी लावत हिलाल उठले. दोघं चार पायऱ्या उतरली.

“आनी खरंच उना ते?”

“ते पहिले दारमा उभा ठेवसू.”

खालच्या पायरीवर त्या थांबल्या, सरळ असलेला पदर पुन्हा सरळ केला.

“मंग च्या ठेवसू.”