विमानाच्या पोटातला कनेक्टर

मी एक कनेक्टर बोलतोय, विजेच्या तारा जोडणारा. पोलादाचा, गोल, मुठीत मावेल एवढा. माझे दोन भाग. एकात पिना, दुसऱ्यात भोकं, मध्ये रबर. मला उलटा कुणी बसवू शकत नाही. माझ्या काठावरची खाच तसं करूच देत नाही.

व्हियाव्हिसेन्सिओच्या विमानतळावर एक जुनं मालवाहू विमान आहे. त्याच्या पोटात, फळ्यांखाली, मी उभं आयुष्य काढलं. काम एकच. उजवं चाक उतरून पक्कं बसलं, की ती खबर कॅप्टनसमोरच्या हिरव्या दिव्याला द्यायची. डाव्या चाकासाठी माझा भाऊ होता. आम्ही कधी खोटं बोललो नाही.

विमान नदीकाठच्या इनीरिदाहून खारवलेला मासा आणतं. पाणी साचतं म्हणून हमालांनी फळ्यांना भोकं पाडली. वर स्वच्छ झालं. खारं पाणी आमच्या डोक्यावर आलं.

पुढे भावाचे आटे झिजले. विमानाचे मालक कॅप्टन एवेलिओ नवा कनेक्टर घेऊन आले. ॲल्युमिनियमचा, चकचकीत.

"हा बघ, नुबिया. पिसासारखा हलका."

नुबिया त्यांची मेकॅनिक. तिचा नवरा विल्मेर त्याच विमानात कॅप्टनशेजारी बसतो.

"पीस खाऱ्या पाण्यात बुडवून बघा, कॅप्टन."

"आधी नवऱ्याचं वजन उतरव. मग तुझं लोखंड ठेवतो."

सगळे हसले. विल्मेरसुद्धा. नुबिया हसली नाही. पण पोलादी यायला महिने लागणार होते, आणि विमान मालकाचं होतं. तिने नवा बसवला.

पावसाळ्यातल्या एका दुपारी आम्ही परतत होतो. माझा दिवा लागला. डावा लागेना. चाक उतरलेलं दिसत होतं, पण पक्कं बसलंय का, ते कुणालाच कळत नव्हतं. विमान घिरट्या घालत राहिलं. खाली नुबिया भर पावसात उभी होती म्हणे. शेवटी इंधन संपत आलं, तेव्हा कॅप्टन उतरले.

चाक टिकलं. विल्मेर खाली आला. नुबिया त्याची कॉलर सारखी करून फळ्या उचलायला गेली.

नव्या कनेक्टरच्या अंगावर खाऱ्या पाण्याने खाल्ल्याची पांढरी भुकटी होती. आतली पिन हिरवी पडलेली. कॅप्टननी ती भुकटी बोटावर घेतली.

"पोलादी मागव," ते म्हणाले. "आणि फळ्यांची ती भोकं बुजवा."

"दोन मागवते."

"दोन कशाला? उजवा चांगला चाललाय की."

नुबियाने माझ्या रबरात नख रोवलं. रबर दगड झालं होतं. नख आत गेलं नाही.

"चाललाय म्हणून ठेवायचा नसतो, कॅप्टन. आत विल्मेर बसतो."

आता मी तिच्या हत्यारांच्या पेटीत आहे. राग नाही. तिने योग्य तेच केलं.

निवडणाऱ्यांनो, चमक बघू नका. नुसतं वजनही बघू नका. कनेक्टर कुठे बसणार आणि त्याच्यावर काय गळणार, ते आधी बघा. आणि तो माझ्यासारखा म्हातारा झाला, की दया न करता काढा.

वर विमानाचा आवाज येतोय. घिरट्या नाहीत. सरळ उतरतंय.