बांधणाऱ्याचं नाव

"पुन्हा अडकलं?" काकूंनी विचारलं.

"अडकलं," स्क्रू म्हणाला. "आणि चूक माझीच. अगदी बावळटासारखी."

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करणाऱ्याला सगळे स्क्रूच म्हणत. घासायचं मोठं मशीन एका जुन्यापुराण्या वर्कस्टेशनच्या हुकमावर चाले. त्याची डिस्क कुरकुरायला लागली म्हणून स्क्रूने सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. जुनं कर्नेल, म्हणजे संगणकाचा गाभा, या नव्या पाहुणीला ओळखच देईना. मग त्याने नवं कर्नेल बांधलं. पण डिस्क वाचायचा ड्रायव्हर गाभ्यात घालायचा सोडून या शहाण्याने तो डिस्कवरच ठेवला. किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घ्यावं, तसली तऱ्हा.

काकूंचं त्या चुकीकडे लक्षच नव्हतं. त्या पडद्यावरची अगदी वरची ओळ बघत होत्या.

सुरू होताना कर्नेल आधी सांगतं, आपल्याला बांधलं कुणी. जुनं बांधलं होतं काकूंच्या यजमानांनी. कारखाना त्यांना काका म्हणायचा, तेच नाव त्यांनी घातलं होतं. काका जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून, काचा पुसायला बसण्याआधी, रोज सकाळी बटण काकूच दाबायच्या. ती ओळ वर सरकून जाईपर्यंत उभ्या राहायच्या, मग कामाला लागायच्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी चकार शब्द काढत नसे.

आता तिथं 'स्क्रू' असं आलं होतं.

स्क्रूने कपाळावर हात मारला. ड्रायव्हरचं एक वेळ सोडा, पण हे? हे कसं विसरलो आपण?

"काकू, डोक्यातूनच गेलं हो. नाहीतरी परत बांधायचंय. नाव काकांचं घालतो, हवं ते घालता येतं. पहिल्यासारखंच दिसेल."

काकू अजून त्या ओळीकडेच बघत होत्या.

"दिसेल रे. पण बांधणार तूच ना?"

"हो, पण कुणाला कळणारे?"

"मला," काकू म्हणाल्या. "शिवाय तुझा काही नेम नाही बाबा. उद्या परत अडकलं, तर शिव्या उगाच त्यांना. जिवंतपणी खाल्ल्या तेवढ्या पुरेत."

स्क्रू हसला. मग त्याने ड्रायव्हर गाभ्यात घातला. नाव मात्र आपलंच राहू दिलं. संध्याकाळी मशीन चालू झालं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम लवकर आला. काकू नेहमीच्या वेळेला आल्या, त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा उजळायच्या आतच त्या वळल्या, आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि पहिली काच पुसायला घेतली.

"चालू झालं का रे?" मान वर न करताच त्यांनी विचारलं.

"झालं, काकू."