सुनेपासून लपवलेली गोळी

हैबतराव गावात कुणाच्या बापाला भीत नव्हते, पण आपल्या लघवीचं दुखणं सुनेला कळेल या विचारानं त्यांचा जीव अर्धा व्हायचा. सून गौतमी औषधांचं शिकलेली, हिंजवडीला मेडिकलच्या काऊंटरवर उभी राहणारी. अर्ध्या नांदे गावाची औषधं तिच्या पिशवीतून यायची. फक्त सासऱ्याच्या प्रोस्टेटची गोळी तेवढी कॅब चालवणारा मुलगा निरंजन भलत्याच दुकानातून गुपचूप आणायचा. दारात कॅब लावली की त्यानं गोळी बापाच्या हातात सरकवायची आणि बापानं ती कोपरीच्या खिशात दडवायची, असा दोघांचा कारभार. सुनेपुढं असलं काही बोलायचं म्हणजे लाजच सोडायची की.

त्या दिवशी खळ्यावर भाताची मळणी होती. तीन बाजूंनी टॉवर उठलेत, मधे यांचं एवढंच खाचर राहिलंय. मशीननं भुस्सा उडवला की हैबतरावांच्या शिंका सुरू व्हायच्या, त्या काही केल्या थांबायच्या नाहीत. कामावर निघताना गौतमीनं एक गोळी काढून दिली.

"आबा, ही ॲलर्जीची. दिवसाला एकच घ्यायची. झोप आली तर मशीनजवळ जाऊ नका. दुसरं कुठलं औषध चालू हाय का तुमचं?"

"न्हाई. मला काय धाड भरलीया?" हैबतराव म्हणाले आणि खिशावर हात ठेवून बसले.

गौतमी स्कूटीवरून गेली. आता धोंडाबाईंचं सांगायला हवं. हैबतरावांची ही बायको म्हणजे घरातली दुसरी डॉक्टर, पण बिनशिक्षणाची. वरच्या खोल्या आयटीच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. पोरं खोली सोडताना बादल्या, उशा आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटं टाकून जायची. "नव्याकोऱ्या गोळ्या, फेकायच्या व्हय?" म्हणत धोंडाबाई कशावरची कुठली ते विचारून घ्यायच्या आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायच्या. सर्दीच्या पाकिटाला लाल दोरा, तापाच्या पाकिटाला पांढरा. आळीत कुणी शिंकलं की लाल दोरा सुटलाच म्हणून समजा.

न्याहारी झाली तरी नवरा शिंकतोच आहे हे बघून त्यांना सुनेच्या गोळीचा राग आला. "एकीनं काय होतंय? ही घ्या, वरच्या पोरानं ठेवलेली हाय. लई भारी." हैबतरावांनी ती चहाबरोबर गिळली. बायकोला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

शिंका थांबल्या, खरं सांगायचं तर. पण तोंडाला कोरड पडली, डोळे जड झाले आणि हैबतराव पोत्यांना टेकून तिथंच पेंगले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. उठून बांधाआड गेले, उभे राहिले. काही नाही. परत आले, तांब्याभर पाणी प्यायले, परत गेले. तरी काही नाही. असं करत संध्याकाळपर्यंत ओटीपोट पखालीसारखं तट्ट झालं आणि माणूस घामानं भिजला.

"ग्यास धरलाय," धोंडाबाई म्हणाल्या आणि ओवा घेऊन आल्या.

निरंजनला फोन लावला तर तो हिंजवडीच्या चौकात गाड्यांत अडकलेला. कळ अशी येत होती की हैबतराव भिंतीला धरून उभे होते. मुलगा येईपर्यंत दम काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात स्कूटी वाजली.

गौतमीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. "आबा, काय होतंय?"

"ग्यास."

"कुटं दुखतंय?"

हैबतरावांनी तोंड भिंतीकडं केलं. सांगितलं तर लाज जाणार होती, न सांगितलं तर जीव. आयुष्यात त्यांना एवढं अवघड कधी वाटलं नव्हतं. "लघवी होत न्हाई," ते भिंतीला म्हणाले. "दुपारपास्नं."

"आधीचा त्रास हाय?"

त्यांनी खिशातून पाकीट काढून मागं न बघता हात पुढं केला. गौतमीनं ते वाचलं. सासूनं काय दिलं तेही विचारलं, लाल दोऱ्याचं पाकीट मागून घेतलं आणि शेजारच्याची गाडी काढायला लावली.

दवाखान्यात नळी घातली तेव्हा हैबतरावांना जे सुख झालं ते त्यांना पुढं कुणालाही नीट सांगता आलं नाही. डॉक्टरांनी नळी काही दिवस राहू द्यायला सांगितली. उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर आलं असतं, असंही म्हणाले.

गौतमी खाटेजवळ बसली. "सर्दीच्या गोळीतबी ॲलर्जीचंच औषध असतंय, आबा. वर नाक मोकळं करायचं आणिक एक. म्हणजे डबल झालं. त्यानं झोप येती, आणि तुमच्यासारख्याची लघवी अडती. माझी एकटी गोळीसुदिक विचारून द्यायला पायजे होती."

"मीच खोटं बोललो की तुला."

"तुमी बोललात. पण दुकानात म्हातारं माणूस आलं की मी पहिलं लघवीचंच विचारते. तुमाला विचारायला जीभ रेटली न्हाई. सासरं पडलात ना."

हैबतरावांना भडभडून आलं. एवढी गुणाची पोर घरात असून आपण तिच्यापासून गोळी लपवत होतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नळी निघाली, हैबतराव ओसरीवर खाटेवर बसायला लागले. बिस्किटाच्या डब्यात आता धोंडाबाई लसूण ठेवतात. गोळ्या सुनेनं नेल्या म्हणून त्या दोन दिवस फुगून होत्या. एका सकाळी हैबतरावांच्या वयाचा भैरू नाक पुसत आला आणि लाल दोऱ्याची गोळी मागायला लागला. गौतमी उंबऱ्यात लसूण सोलत होती.

"गोळीचं नंतर," हैबतराव खाटेवरून म्हणाले. "आधी सांग, लघवी साफ होतीया का तुला?"

भैरूनं टोपी पुढं ओढली. "आरं, सूनबाई बसल्यात."

"म्हणून तर इचारतोय. तिला सांग."

भैरू चपलेकडं बघत खाटेजवळ आला. मग हळूच म्हणाला, "थांबून थांबून होतीया."

गौतमीनं लसणाचं ताट बाजूला ठेवलं आणि त्याला बसायला खुर्ची दिली.