मी बिघडलेली नाही

"चांगल्या इंजिनाला खराब म्हणायचं. ह्यो काय माझा धंदा हाय व्हय?"

चांदसाहेब मिस्त्री माझ्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून पुटपुटले. पण पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज त्यांनी काढलाच, आणि विश्वजीतच्या हातावर ठेवला. विश्वजीतने तो खिशात टाकला. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याच्या वडिलांना, माझ्या मालकांना, अर्जुनातात्यांना.

मित्रांनो, मी जपानात जन्मलेली, दोन दारांची, लाल रंगाची म्हातारी स्पोर्ट्‌स कार. हल्ली मुक्काम विट्याला. तात्यांचा कोइमतूरला सोनं गाळायचा गलाईचा धंदा होता. तिथल्या एका शर्यतवाल्याकडून त्यांनी मला घेतलं आणि धंदा आवरला तेव्हा स्वतः चालवत गावी आणलं. गाव बघायला जमलं. कुणीतरी म्हणालं, "तात्या, हिच्यात उसाची एक मोळी तरी बसंल का?" तात्या म्हणाले, "म्हणून तर आणली."

माझ्या पोटात वर-खाली करणारे पिस्टन नाहीत. फुगीर समोशासारखे दोन लोखंडी तुकडे आहेत, ते गरगर फिरतात. त्यांच्या कोपऱ्यांवर पट्ट्या असतात, त्यांना सतत तेल लागतं. म्हणून मी तेल पिते. पिणारच. ती खोड नव्हे, माझी घडणच तशी आहे. लोक वर्षभर तेल बघत नाहीत आणि मग मला बेभरवशाची म्हणतात. पोटाला न घालता राबवलं तर बैलही खाली बसतो, त्याला कुणी बेभरवशाचा म्हणत नाही.

आणखी एक. मला सुरू करून लगेच बंद करू नका. इंजिन गार असताना बंद केलं तर आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात आणि मी पुन्हा सुरू होत नाही. दसऱ्याला पुढारी लोक काय करतात? पूजा झाली की गाडी चार लिंबांवरून पुढे घेतात आणि लगेच बंद करून जेवायला बसतात. तात्या तसं कधी करत नसत. हार घातल्यावर मला थेट मायणीपर्यंत पळवून आणत. मोकळ्या रस्त्यावर मला ओरडू देत. मला जपून, हळूहळू चालवलं की आत काजळी धरते. मला जपायचं तर पळवावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते माझा आवाज ऐकत, एवढंच.

असं असताना मला बिघडलेली ठरवायची वेळ का आली?

मायणीच्या पुढे एकदा मेंढरांचा कळप आडवा आला. तात्यांना तो दिसलाच नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शालूबाई किंचाळल्या, तेव्हा ब्रेक लागला. मी एका मेंढीच्या नाकापाशी थांबले. मेंढका म्हणाला, "गाडी लय भारी हाय पावनं. बघून चालवायला काय घ्याल?" तात्या म्हणाले, "ब्रेक ढिलं झाल्यात गड्या."

ढिले नव्हते. ढिले असते तर मेंढी उरली नसती.

पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी विश्वजीतला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही. घरी त्याने सांगितलं, थेंब घाला, बरं वाटेल. आणि गाडीतच बिघाड आहे, हे तात्यांचंच निमित्त सगळ्यांनी उचलून धरलं. तात्यांना थांबवण्यापेक्षा मला थांबवणं सोपं होतं. हे सगळं मला टेकूनच ठरलं.

फ्यूज निघाल्यापासून तात्या रोज चावी फिरवत. मी घरघरत राहायचे, पेट घ्यायचे नाही. ते प्लग काढून बोटांनी चाचपत, पुसत, पुन्हा बसवत. तेलाची काडी डोळ्यांपाशी नेऊन बघत, मग नुसता तिचा वास घेत. चूक कुठे झाली ते शोधत राहत. मला वाचा असती तर सांगितलं असतं, तात्या, तुम्ही एकही चूक केलेली नाही.

आज सुटे भाग विकणाऱ्याचा टेम्पो दारात आला. मला उभी चिरून भाग वेगळे करायचं ठरलं होतं. तात्यांनी होकार दिला होता. नुसती गंजत ठेवायला नको, म्हणाले. दोघांनी माझ्या पुढच्या आकड्याला दोर बांधला. तात्या चाचपडत आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"चुकलं माझं," ते मला म्हणाले. "कोइमतूरवरनं एवढ्या लांब आलीस, कुठं अडली न्हाईस. मलाच तुला नीट ठेवता आलं न्हाई."

चांदसाहेब टेम्पोच्या चाकाकडे बघू लागले. विश्वजीत म्हणाला, "तात्या, जुनी गाडी हाय. व्हायचंच."

शालूबाई उंबऱ्यातून खाली उतरल्या. दोर धरलेल्या माणसाला त्यांनी हातानेच थांबवलं.

"आवं, तिला काय बी झालेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमाला दिसत न्हाई."