झाकण न उघडता

रसायनाच्या टाकीचे झाकण उघडून, दोरीला बांधलेली बाटली आत सोडून नमुना काढताना विषारी वायूने दोघा भावांतला थोरला गेला. महिन्याभराने कारखान्याने सुरक्षिततेचा समारंभ योजला आणि झाकण न उघडता नमुना काढणाऱ्या नव्या यंत्राची कळ फिरवण्याचा मान, मोठ्या औदार्याने, त्याच्या बायकोला दिला.

तिने कळ फिरवली. बाटली निमूटपणे भरली; ना वास, ना वाफ. टाळ्या झाल्या.

"हे यंत्र कधी आलं, भावोजी?" शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या दिराला तिने विचारले. तोही याच कारखान्यात कामाला होता.

"वहिनी, घरी गेल्यावर बोलू."

"कधी आलं?"

"दादा होता तेव्हाच. खोक्यात पडून होतं. उद्घाटनाला मोठ्या साहेबांना सवड होत नव्हती."

"आज बरी झाली."

फोटोत हात नीट आला नव्हता, म्हणून छायाचित्रकाराने कळ पुन्हा फिरवायला सांगितली. तिने फिरवली. घरचा नळ याहून जड फिरत असे. येत्या सुट्टीला नळ दुरुस्त करतो, असे सांगून थोरला त्या दिवशी कामावर गेला होता.