दस्तात लिहायचा राहून गेलेला रहाट

मित्रांनो, मी एक जुना रहाट आहे. अलिबागेजवळ नागावच्या एका वाडीत विहिरीवर माझा मुक्काम. १९२२ साली सुताराने मला घडवले. बैल फिरे तसा मी फिरे. माझे लोटे भरून येत आणि पाणी पाटाने माड-सुपारींना व शेजारच्या वाड्यांना जाई. पाणी गोड म्हणून लोक माझेच कौतुक करीत. मीही ते नाकारले नाही.

मालकीण बायजाकाकी. नवरा लग्नाच्या वर्षीच गेला, मूलबाळ नाही. सुपारी विकून वाडी तिने स्वतः घेतलेली. आपल्यामागे शेजाऱ्यांचे पाणी तुटू नये आणि सोबतीला राहणाऱ्या शकूचे छप्पर जाऊ नये, एवढीच तिला काळजी. वकील म्हणाले, मृत्युपत्र करा.

"मेल्यावर कोण कसं वागतंय ते मला कसं दिसायचं?" काकी म्हणाली.

मग जिवंतपणीच विश्वस्तपत्र झाले: वाडी शेजाऱ्यांच्या पाण्यासाठी आणि शकूच्या निवाऱ्यासाठी राखायची. हिंडती-फिरती असेपर्यंत कारभार तिचा. ती थकली किंवा गेली की शेजारच्या रावजीचा. घर, जमीन, विहीर, सारे त्यात लिहिले. मी तेवढा राहून गेलो.

१९३१ साली ती तापाने पडली आणि कारभार रावजीकडे आला. लगतच्या वाडीतला तिचा पुतण्या सदा एका सुताराला घेऊन आला.

"काकीनं विहीर लिवलीय. रहाट कुठं लिवलाय, रावजीदादा? मी नेतो."

रावजी दस्त पुन्हा वाचू लागला. माझी पहिली खुंटी निघाली. तेवढ्यात शकू माझ्या कण्याला मिठी मारून बसली.

"आधी मला काढ!"

घोंगडी पांघरून काकी बाहेर आली.

"सदा, मी मेले न्हाय अजून!"

"तसं न्हाय काकी, तुला एकटीला कशाला एवढं..."

"एकटी हाय म्हणूनच लिवून ठेवलंय रे. तुझी नजर तेवढी लिवायची राहिली."

सुतारच आधी हसला. त्याने खुंटी परत ठोकली. ताप उतरताच काकीने अलिबागेस जाऊन मलाही दस्तात घातले.

१९३६ साली ती गेली. त्या उन्हाळ्यात सदाची विहीर आटली. तो पाटाशी येऊन नुसता उभा राहिला. रावजीने त्याच्या वाडीकडे पाणी वळवले.

"काकीनं शेजाऱ्यांना पानी लिवलंय. तू काय परका हायस?"

मित्रांनो, एकट्या माणसाची माणसे आपोआप ठरत नाहीत. ती त्याने शुद्धीत असताना ठरवावीत आणि त्यांना तसे सांगावेही. आणि अधूनमधून माझ्या कण्याला तेल घाला. ते कोणत्याही दस्ताने होत नाही.